रिकाम्या डब्याची तळपट्टी

हेमांगी बर्गे दूध आणायला कोपऱ्यावरच्या डेअरीत गेली, तेव्हा मोहिते सरांनी स्वतः मागं सरून तिला पुढं उभं केलं. मोहिते सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. रांगेच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सूट न देणारा माणूस. हेमांगीला वाटलं, आपलं वय आता लांबूनही दिसायला लागलं बहुतेक.

"वाचली तुमची गोष्ट," सर हळू आवाजात म्हणाले. "काल आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही."

हेमांगी खूश झाली. लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घरातली उपासमारसुद्धा कौतुकच वाटते. "एवढी आवडली?"

"आवडली काय म्हणता, बाई! काळजाला घरं पडली. पण तुम्ही धीर सोडायचा नाही. हल्ली उपचार फार पुढं गेलेत."

"कसले उपचार?"

सरांनी तिच्याकडं फार मायेनं पाहिलं. नापास झालेल्या मुलाच्या आईकडं ते असंच पाहत असणार. "बरोबर आहे," ते म्हणाले, "तुम्ही नाहीच बोलणार. गोष्टीतही बोलला नाहीत. पण आम्हांला कळलं." एवढं बोलून त्यांनी तिची पिशवी स्वतः उचलून रस्त्यापर्यंत आणून दिली.

हेमांगीला काही म्हणजे काही कळलं नाही. घरी येईपर्यंत अजून दोघींनी तिला थांबवलं. एकीनं विचारलं, "जाऊबाई कशा आहेत?" दुसरीनं काहीच विचारलं नाही, नुसता दंड दाबला आणि डोळे पुसत निघून गेली. आता जाऊबाई कशा आहेत ते हेमांगीला कुठून माहीत असणार? संक्रांतीपासून वैजयंता तिच्याशी एक अक्षर बोललेली नव्हती.

गोष्टीचं नाव होतं 'घासलेला डबा', आणि ती रविवारी 'पानवेल' नावाच्या साप्ताहिकात आली होती. 'पानवेल' कागदावर निघायचं कधीच बंद झालं होतं; आता ते वाचनपाटीवर यायचं. गोष्ट अगदी लहान होती. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन जावा. मोठी संक्रांतीला गुळाच्या पोळ्यांचा डबा धाकटीकडं पाठवते. आपल्याकडं दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत जात नाही, निदान साखर तरी घालतात. या घरांतला तर डबा वर्षानुवर्षं भरलेलाच जायचा नि भरलेलाच यायचा. त्या दिवशी मात्र तो घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा परत येतो. दारात चार वाक्यं होतात, धाकटी निघून जाते, मोठी डब्याचं झाकण लावते. गोष्ट संपली.

गोष्टीत भांडणाचा शब्द नव्हता, आणि हेमांगीचा सगळा अभिमान त्या नसलेल्या शब्दातच होता. कथालेखनाच्या शिबिरांत ती गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट शिकवत आलेली. "पात्राला रडू येत असेल तर त्याला रडवू नका, भांडी घासायला बसवा. आणि रागावलं असेल तर दोन चमचे साखर जास्त घालून चहा द्यायला लावा. वाचकाला ओळखू दे की. सगळं तुम्हीच सांगितलंत, तर त्यानं काय करायचं?" मुलं हे लिहून घ्यायची, परीक्षा असल्यासारखी. मग घरी जाऊन आपल्या पात्रांना धाय मोकलून रडवायची.

आणि म्हणूनच तळपट्टी निघाली तेव्हा हेमांगीचं डोकं फिरलं होतं. तळपट्टी म्हणजे वाचनपाटीवर प्रत्येक संवादाच्या खाली उमटणारी बारीक अक्षरांची ओळ. वर पात्र म्हणणार, "पंखा जरा कमी कर," आणि खाली तळपट्टी सांगणार, "तू माझ्याकडं बघतही नाहीस." यंत्राला खात्री असली तर अक्षरं काळी, नुसता अंदाज असला तर करडी. आधी ती परदेशी सिनेमांसाठी आली, मग मालिकांना, मग पुस्तकांना. आता लोक तिच्याशिवाय वाचतच नसत. हेमांगी तिला 'तळपट' म्हणायची. न सांगितलेलं सांगून टाकणाऱ्या यंत्राचं दुसरं काय नाव ठेवणार? तिनं स्वतःच्या पाटीवर ती कधी चालू केली नव्हती.

त्या सकाळी केली.

गोष्टीतली धाकटी जाऊ फाटकाशी येते आणि म्हणते, "अक्का, डबा घासून ठेवलाय. बघून घ्या." खाली काळ्याभोर अक्षरांत उमटलं: 'आता माझ्याकडून काही यायचं नाही.'

मोठी म्हणते, "आत ये की." धाकटी म्हणते, "नको. उशीर होतोय." खाली, तितकंच काळं: 'माझ्याजवळ फार दिवस नाहीत.'

हेमांगीनं चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मोठी विचारते, "कसला उशीर?" धाकटी म्हणते, "असंच." खाली: 'तुम्हाला सांगितलं तर मी इथंच कोसळेन.'

दुधाची पिशवी ओट्यावर घाम गाळत पडली होती, तिकडं तिचं लक्षच नव्हतं. ही कुठली गोष्ट? ही तिनं लिहिलेली नव्हती. तिच्या गोष्टीतली धाकटी रुसलेली होती, मरणाच्या दारात उभी नव्हती. आणि अख्ख्या साताऱ्यानं, म्हणजे निदान त्यांच्या कॉलनीनं, वाचून ठरवून टाकलं होतं की वैजयंता बर्गे दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळणार आहे, आणि तिच्या मोठ्या जावेनं किती संयमानं ते लिहिलंय.

तिनं पुण्याला अन्विताला फोन लावला. अन्विता 'पानवेल'ची संपादक, तिशीही न गाठलेली, पण गोष्टीतलं कुसळ बरोबर शोधणारी.

"ताई! मी तुम्हाला करणारच होते," अन्विता म्हणाली. "काय जबरदस्त गोष्ट आहे! आमच्याकडं एखाद्या पात्राची सगळीच्या सगळी तळपट्टी काळी येणं म्हणजे क्वचितच. दोन लोक ऑफिसात रडले."

"अगं, पण ती आजारी नाहीये!"

"कोण?"

"धाकटी. ती रागावलीये. मोठीनं हळदीकुंकवात तिच्या तिळाच्या लाडवांची चेष्टा केलेली असते. हे लाडू फोडायला अडकित्ता लागेल, असं म्हणते ती. चारचौघींत. म्हणून डबा रिकामा."

अन्वितानं विचारलं, "हे गोष्टीत कुठंय?"

"नाहीच आहे. तेच तर. ते न सांगता कळायला हवं."

"ताई, राग मानू नका," अन्विता जपून म्हणाली, "लाडू गोष्टीत नाहीतच, मग कळणार कसे? जे अर्धं झाकलंय ते तळपट्टी वाचते. पूर्ण बाहेर ठेवलेलं कसं वाचेल?"

हेमांगीला हे झोंबलं. हेच वाक्य ती शिबिरात दुसऱ्यांना ऐकवायची. "पण मग हे मरणबिरण तिनं कुठून आणलं? ते तरी गोष्टीत कुठंय?"

अन्वितानं समजावून सांगितलं. यंत्रानं माणसांची कोट्यवधी बोलणी वाचलेली होती, आणि प्रत्येक बोलण्यानंतर त्या घरात पुढं काय घडलं तेही. दारात आलेलं माणूस साधारण काय काय बोलतं, हे त्याला पाठ होतं. ऊन किती झालं, भाजी काय केली, पोरं कशी आहेत, कधी येता आमच्याकडं. त्यातलं काय बोललं गेलं नाही, तेवढंच ते मोजायचं. त्या मोजमापाला ही मंडळी 'वगळ' म्हणत.

"तुमच्या धाकटीची वगळ मी उघडून बघितली," अन्विता म्हणाली. "सगळ्यांत मोठी वगळ एकच आहे. ती उद्याचं काहीही बोलत नाही. रागावलेली माणसंसुद्धा बोलतात हो. 'बघून घेईन', 'पुन्हा पाय ठेवणार नाही', हे सगळं उद्याचंच असतं. हिच्या बोलण्यात उद्या नावाची गोष्टच नाही. असं बोलणारी माणसं बहुतेक वेळा..." ती थांबली. "म्हणजे, यंत्राच्या हिशेबानं."

"यंत्राला म्हणावं, मी लेखिका आहे. मला माहीत आहे माझ्या बाईला काय झालंय ते."

"तशी सोय आहे. 'लेखकाचा हेतू' म्हणून एक चौकट आहे बघा खाली."

हेमांगीनं फोन ठेवला आणि ती चौकट शोधून काढली. तीत लिहिलं: धाकटी जाऊ लाडवांवरून रुसली आहे. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि नम्रपणे उत्तर दिलं: 'आपला हेतू नोंदवला आहे. तो मजकुराशी जुळत नाही.'

तिला इतका संताप आला की तिनं चहा टाकला आणि विसरून दोनदा साखर घातली.

मग ती हट्टाला पेटली. गोष्टीची प्रत काढली आणि एकेक वाक्य बदलत सुटली. मोठीची सुरुवातीची लाडिक बडबड बदलली, तळपट्टी बदलली. गोष्टीपुरती अंगणात आणलेल्या एका शेजारणीचं बोलणं बदललं, तळपट्टी बदलली. ही सगळी तिनं रचलेली वाक्यं होती आणि त्यांच्याखालची अक्षरं मुळातच करडी होती. काळी अक्षरं होती ती धाकटीच्या वाक्यांखाली. आणि मोठीच्या एका, अगदी शेवटच्या शब्दाखाली. मोठी म्हणते, "बरं." खाली काळंभोर: 'मला विचारायचं आहे, पण मी विचारणार नाही.'

हेमांगी त्या ओळीकडं बघत राहिली. ती मोठी म्हणजे कोण, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि काळ्या अक्षरांवरची ती वाक्यंही तिनं रचलेली नव्हती. ती जशीच्या तशी उचललेली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दोन बंगल्यांच्या मधल्या भिंतीतल्या लोखंडी फाटकाशी वैजयंता उभी राहिली होती आणि हेच बोलली होती. "अक्का, डबा घासून ठेवलाय. बघून घ्या." हेमांगीनं ते ऐकता ऐकताच मनात टिपून ठेवलं होतं. तिची पद्धतच ती. लोक दुखावले जात असतानाही तिचा एक कान त्यांच्या वाक्यांची चव घेत असायचा. वाक्य सुरेख होतं. असलं वाक्य सुचत नाही, मिळावं लागतं.

म्हणजे यंत्रानं तिची गोष्ट वाचलीच नव्हती. त्यानं वैजयंताला वाचलं होतं.

खरंच काही झालं असेल तिला? चार महिने आपण फाटकाकडं पाठ करून तुळशीला पाणी घालतोय, आणि ती पलीकडं... तिनं नवऱ्याला विचारलं. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "विलास म्हणत होता खरा, वैजूला तपासायला नेली म्हणून. कसलेतरी रिपोर्ट यायचेत. मला वाटलं, तुला माहीत असेल." विलास म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, वैजयंताचा नवरा.

"मला कोण सांगणार?" हेमांगी म्हणाली.

"तूच तर लिहिलंस ना?" नवरा म्हणाला. आता त्यानंही वाचली होती तर.

तिनं गच्चीवर जाऊन पलीकडं पाहिलं. उन्हाळा भरात होता आणि कॉलनीतल्या झाडून सगळ्या गच्च्या कुरडया-पापडांनी पांढऱ्या झाल्या होत्या. वैजयंताची गच्ची मोकळी होती. जी बाई दर वर्षी अर्ध्या गल्लीला पुरतील एवढ्या कुरडया घालायची, तिनं यंदा एक धोतर पसरलं नव्हतं. वर्षभराचं वाळवण करायचं तर पुढचं वर्ष डोळ्यांसमोर लागतं. हे हेमांगीच्या मनात आलं आणि तिनं ते मनातून हाकललं. छे, आपणही त्या तळपटासारखंच करायला लागलो.

तिनं तोच डबा काढला. रिकाम्या हातानं जायचं कसं? भरून जायचं तर काय भरून? शेवटी आदल्या दिवशीच्या शंकरपाळ्या भरल्या आणि चार महिन्यांनी ते फाटक उघडलं. कडी गंजून बसली होती, दोन्ही हात लावावे लागले.

वैजयंता मागच्या अंगणात लसूण सोलत बसली होती. हेमांगीला बघून तिनं हात पदराला पुसले, पण उठली नाही. थोडी उतरल्यासारखी दिसत होती. की उन्हामुळं? की आता आपल्याला तसंच दिसणार?

"या," वैजयंता म्हणाली. "बघायला आलाय व्हय? या की. सकाळपासून पाचवी बाई तुम्ही. एकीनं नारळपाणी आणलंय, एकीनं अंगारा. दोन्ही तुमच्यामुळंच. घेऊन जाता का थोडं?"

हेमांगीनं डबा पायरीवर ठेवला. सगळी शिबिरं, सगळे धडे तिच्या जिभेशी गोळा झाले होते आणि एकाचाही उपयोग नव्हता. "वैजू, तू आजारी आहेस का?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग रिपोर्ट कसले?"

"तुमचा दीर. गोष्ट वाचली आणि माझ्यासमोर बसून रडायला लागला. रडताना बघितलंय का तुम्ही त्यांना कधी? मला हसावं का रडावं कळंना. म्हटलं चला, काढा माझं रक्त, पण गप बसा." वैजयंतानं एक पाकळी सोलली आणि परातीत टाकली. "अक्का, माझ्यावर राग होता तर अंगावर येऊन भांडायचं होतं. मला मारून कशाला टाकलंत?"

"मी नाही मारलं गं! मी लिहिलं होतं की तू लाडवांवरून रुसलीस."

"कुठल्या लाडवांवरून?"

हेमांगीनं सांगितलं. हळदीकुंकू, अडकित्ता, हसलेल्या बायका. वैजयंता ऐकत राहिली, आणि मग खरोखरच हसली. "त्ये होय! अहो, कडक झालेच होते की ते. पाक पुढं गेला होता. तुमच्या दिराचा दात हलला." मग तिचं हसू विरलं. "म्हणजे चार महिने तुम्ही त्या लाडवांमुळं बोलत नव्हता?"

"मी कुठं? तू बोलत नव्हतीस!"

"मी तुमच्या विचारायची वाट बघत होते," वैजयंता म्हणाली.

हेमांगीच्या डोळ्यांसमोर ती काळी ओळ आली. मला विचारायचं आहे, पण मी विचारणार नाही. हे मात्र त्या मेल्या यंत्रानं अचूक पकडलं होतं. तिनं खाली बसून परातीतला एक कांदा उचलला. लसूण होता तो, पण डोळे भरल्यामुळं दिसत नव्हतं नीट. "आता विचारते. त्या दिवशी डबा रिकामा का आणलास?"

वैजयंतानं आणखी एक पाकळी सोलली. पलीकडं कुणाच्या तरी गच्चीवर पापडांवरून कावळे हाकलत होते. मग ती सांगू लागली, आणि सांगताना लसूण सोलायची थांबली नाही.

केतकीला, तिच्या लेकीला, दिवस गेले होते. अजून फार दिवस झाले नव्हते, म्हणून फक्त आईला सांगितलं होतं, बापालाही नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून फोन आला. सगळं संपलं होतं. आई, कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस, मला कुणाची कीव नकोय, असं केतकी शपथ घालून म्हणाली. वैजयंता लगेच निघाली. निघताना तिला ओट्यावर अक्कांचा डबा दिसला.

"साखर घालायला डबा हातात घेतला," वैजयंता म्हणाली, "आणि घालवंना. शास्त्र काय असतं मला माहीत नाही, एवढ्याशा जिवाचं सुतक असतं का नसतं. पण माझ्या घरातलं कुणीतरी गेलं होतं, अक्का. आज या घरातनं गोड बाहेर जायला नको, असं मनात आलं. म्हणून नुसता घासला. एस.टी.ला उशीर होत होता. वाटलं, अक्का एवढ्या हुशार, दुसऱ्याच्या मनातलं लिहितात, रिकामा डबा बघून फोन तरी करतील."

हेमांगीला लाज वाटत होती. यंत्र चुकलं होतं, हे तर खरंच. आणि ते चुकलंही नव्हतं. घरातून कुणीतरी गेल्याचं त्यानं बरोबर ओळखलं होतं. पण कोण, ते त्याला कळायला वाव नव्हता. कारण गोष्ट आटोपशीर व्हावी म्हणून हेमांगीनं धाकटीला मूलच दिलं नव्हतं. केतकी तिनं गोष्टीतून काढून टाकली होती. मग त्या दारातलं दुःख यंत्रानं दारात उभ्या असलेल्या एकुलत्या एक बाईच्या अंगावर टाकलं.

"मी दुरुस्त करते," ती घाईघाईनं म्हणाली. "एक ओळ घातली की झालं. धाकटीला पुण्यात एक लेक आहे, एवढं नुसतं लिहिलं तरी तळपट्टी बदलेल. लोकांचं तुझ्याकडं अंगारे घेऊन येणं थांबेल."

"आणि मग काळ्या अक्षरात काय येईल?"

काय येईल ते दोघींनाही दिसत होतं. आणि ते मोहिते सर वाचणार, डेअरीतली रांग वाचणार, केतकीच्या सासरी इस्लामपूरला वाचणार.

"राहू द्या," वैजयंता म्हणाली. "तुमच्या गोष्टीत मीच मरते. माझ्या पोरीचं झाकलेलं झाकलेलं राहू दे. अंगारा काय, लावीन की. नारळपाणी चांगलंच असतं उन्हाचं."

"अगं पण लोक..."

"लोकांचं काय. काही दिवसांनी मी मरत नाही म्हटल्यावर आपोआप गप बसतील." ती उठली, शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, नळाचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा डबा धुतलेला होता आणि जड होता. झाकण घट्ट बसवलेलं. "घ्या," ती म्हणाली. "मागचीही राहिली होती."

हेमांगीला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिनं घेतलंही. दोघी अवघडल्या, कारण त्यांना सवय नव्हती. मग वैजयंतानं तिला फाटकापर्यंत सोडलं. "कुरडया नाही घातल्यास यंदा?" हेमांगीनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुणासाठी घालायच्या? दोघंच तर आहोत," वैजयंता म्हणाली. आणि परातीकडं परत गेली.

घरी येऊन हेमांगीनं अन्विताला कळवलं, गोष्ट आहे तशीच राहू दे. अन्वितानं लगेच उलट विचारलं, "म्हणजे तळपट्टी बरोबर होती?" हेमांगीनं 'हो' लिहिलं, खोडलं, 'नाही' लिहिलं, तेही खोडलं, आणि पाटी उलटी करून ठेवली.

मग तिनं डबा उघडला. साखर होती, पण मूठभर नव्हती. काठोकाठ भरलेली होती, दाबून, झाकणाला चिकटेल इतकी. भांडं रिकामं जाऊ नये म्हणून घालतात ती साखर एवढी नसते. चार महिन्यांची उधारी म्हणून? की आनंद झाला म्हणून? की माणूस घरातलं जे जे आहे ते वाटून मोकळं होतं, तसं?

छे, असं होऊ नये आपलं. रिकामा डबा दिला तर आपण चुकीचं वाचलं, आता भरलेला दिला तर तोही वाचत बसायचा? पण मन एकदा त्या वाटेला लागलं की लागलंच. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि आत्ताचं सगळं बोलणं पहिल्यापासून आठवू लागली. अंगारा, लाडू, दिराचा दात, केतकी, सुतक. केतकीचं खरं होतं, त्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तसा चेहरा खोटं सांगताना होत नाही. पण वैजयंता आपल्या लेकीचं झाकण्यासाठी स्वतःचं मरण अंगावर घ्यायला तयार झाली होती. मग तीच बाई स्वतःचं काही झाकण्यासाठी लेकीचं खरं दुःख पुढं करणार नाही, असं कशावरून? आणि या एवढ्या बोलण्यात, फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हासुद्धा, उद्या ये म्हणाली का ती? परवा बघू म्हणाली? लोक काही दिवसांनी गप बसतील म्हणाली, पण ते लोकांचं झालं. स्वतःचं उद्याचं एक तरी वाक्य?

हेमांगीनं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. तिला एकही सापडेना. कदाचित होतं आणि तिनं ऐकलं नसेल. चांगली वाक्यं टिपायच्या नादात तिचं किती काय निसटलं होतं, ते आजच कळलं होतं. पालथी पाटी समोर होती. बोलणं घालून बघितलं असतं तर क्षणात काळी नाही तर करडी अक्षरं उमटली असती. तिचा हात पुढं झाला.

मग तो हात तिनं मागं घेतला, साखरेचे हात पदराला पुसले आणि ती पुन्हा मागच्या दारानं बाहेर पडली. या वेळी कडी एका हातानं निघाली. वैजयंता दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्याखाली कसलीही ओळ उमटलेली नव्हती, आणि हेमांगीला तिथं काहीच वाचता येत नव्हतं.

"काय वो अक्का, काय राहिलं?"

"काही नाही," असं म्हणायची हेमांगीची सवय होती, आयुष्यभराची. तिनं ती गिळली.

"वैजू," ती म्हणाली, "उद्या काय करणारेस?"